रेडिओग्रामचे झाकण

दिनांक १६ नोव्हेंबर २००६, गुरुवार, स्लाऊ, इंग्लंड. सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवला. बायकोची, नीनाची, उरलेली औषधे केमिस्टकडे परत केली. जेवण झाल्यावर रेडिओग्रामच्या, म्हणजे रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेयर एकत्र असलेल्या जुन्या पेटाऱ्याच्या, बिजागऱ्यांचे स्क्रू काढून झाकण वेगळे केले. मग लिहायला बसलो.

मी, दीनानाथ वामन सोहोनी, वय ६९, निवृत्त ड्राफ्ट्समन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी सांगितले म्हणून लिहीत नाही. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी नीनाच्या आधी जाईन असे धरले होते. ती २३ ऑक्टोबरला गेली.

१. घर आणि बँकेतील शिल्लक माझी मुलगी वरदा हिला. ती माझ्याशी बोलो वा न बोलो, यात बदल नाही.

२. नीनाची गाडी वरदाला. ग्लोव्ह बॉक्स रिकामा करू नये. त्यात अमेरिकन कंट्री गाण्यांच्या कॅसेट आहेत, नावे नीनाच्या अक्षरात. वरदा हल्ली लेस्टरच्या क्लबात गिटारवर जी गाणी म्हणते, ती तिने याच गाडीत मागच्या सीटवर बसून ऐकली. घरात ती गाणी का लागत नसत, ते पुढच्या कलमात आहे.

३. रेडिओग्राम, झाकणाशिवाय, आणि उरलेल्या चार रेकॉर्ड वरदाला. बाकीच्या मी फोडल्या.

नीना १९७१ मध्ये एकटी इथे आली, भूलतज्ज्ञ म्हणून. मी चौदा महिन्यांनी आलो. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये एका आयरिश सिस्टरने तिला ही गाणी दिली. रिकामी खोली, लांब जाणारी रेल्वे, कोणी वाट न पाहणारे घर. मी आल्यावरही ती ऐकत राहिली. मी घरात असताना बायको एकटेपणाची गाणी ऐकते, हा मला माझ्यावरचा आरोप वाटे. त्यावरून दोनदा मी तिला थोबाडीत मारली होती.

१९८१ च्या दिवाळीत फराळाला माणसे बोलावली होती. नीनाला गाण्याचा आग्रह झाला. सगळ्यांना भावगीत हवे होते. तिने कंट्री गाणे म्हटले, डोळे मिटून, छान म्हटले. माझा मित्र शशिकांत भागवत म्हणाला, "दीनानाथ, अरे वहिनी इतक्या एकट्या? तू घरी असतोस ना रे?" सगळे हसले. मीही हसलो.

पाहुणे गेल्यावर मी रेकॉर्ड गुडघ्यावर आपटून फोडू लागलो. तळहात कापला, रक्त गालिच्यावर पडले, तरी थांबलो नाही. एक रेकॉर्ड रेडिओग्रामवर फिरत होती, ती वाचवायला नीनाने हात घातला. मी झाकण आपटले आणि दोन्ही हातांनी, अंगाचा सगळा भार टाकून दाबून धरले. हाडे मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. त्यानंतरही मी दाबून धरले होते.

डाव्या हाताची तीन बोटे मोडली. भूल देताना रुग्णाच्या घशात नळी घालायचे उपकरण डाव्या हातात धरतात. ते तिला पुन्हा धरता आले नाही. ऑपरेशन थिएटर सुटले. कॅज्युअल्टीत तिने सांगितले, गाडीच्या दारात सापडली. पंचवीस वर्षे आम्ही दोघांनी तेच सांगितले.

ते खोटे होते. मी मोडली.

गाणी माझ्याविषयी नव्हती. ती मी येण्यापूर्वीच्या चौदा महिन्यांची होती. माझ्याविषयी ती नंतर झाली. गेले तीन आठवडे मी गॅरेजमध्ये, तिच्या गाडीत बसून ऐकतो आहे. आता मलाही पाठ झाली आहेत.

४. झाकण माझ्याबरोबर शवपेटीत, माझ्या हातांखाली ठेवून जाळावे. परवानगी नसेल तर कुऱ्हाडीने फोडावे. कुऱ्हाड शेडमध्ये आहे.

५. माझ्या अंत्यविधीच्या वेळी एकही गाणे लावू नये. नीनाच्या वेळी वरदा गायली, ते शेवटचे. तेव्हा मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो. ती म्हणाली, "डोन्ट टच मी. बाबा, मी सोफाच्या मागे होते. सात वर्षांची. कार डोअर नव्हता." तिने हात असा झिडकारला की माझे मनगट बाकाच्या कडेवर आपटले. आठवडाभर काळेनिळे होते. तिचे काही चुकले नाही.

६. शशिकांतला काही नाही. साक्षीदाराला या देशात वारसा मिळत नाही, म्हणून त्याला मुद्दाम साक्षीदार केले आहे. सही करण्याआधी त्याने हे पूर्ण वाचावे.

दी. वा. सोहोनी

आम्हां दोघांसमक्ष दीनानाथ यांनी वर सही केली:
शशिकांत भागवत, स्लाऊ
मधुमती भागवत, स्लाऊ
१६ नोव्हेंबर २००६

सहीखाली लिहिलेले कायदा धरत नाही, म्हणून हे खाली लिहितो. शशिकांतने वाचले. "अरे, मी गंमत केली होती," म्हणाला. त्याची बायको मधुमती म्हणाली, "अहो, गप्प बसा आणि सही करा." मग माझ्याकडे न बघता तिने कोट घातला. दोघांनी चहा तसाच टाकला.

हे माझ्यामागे वाचले गेले, तर वरदाला माझ्या तोंडावर काही बोलता येणार नाही. लायब्ररीत जाऊन झेरॉक्स काढली. लिफाफ्यावर लेस्टरचा पत्ता लिहिला, फर्स्ट क्लासचे तिकीट लावले आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकून आलो. आल्यावर तीन कप विसळून पालथे घातले.