हाताला बसेल असा कीबोर्ड

९ जून १९९७, सोमवार

माझा टाइपरायटर उचलून नेला. विचारलंसुद्धा नाही! डबा खाऊन जागेवर आले तर टेबलावर कॉम्प्युटर. बावीस वर्षं ज्या मशीनवर बसले ते व्हरांड्यात, बाकीच्या आठांबरोबर, अंगावर चादरसुद्धा नाही.

कॉम्प्युटरशी माझं भांडण नाही. चूक खोडायला पांढरी शाई लागत नाही, हे छानच आहे. पण हा कीबोर्ड! बटण दाबलं की शिळी भाकरी मोडल्यासारखं वाटतं. आत जातं, वर यायचा कंटाळा करतं. शेजारच्या टेबलावरची मीनाक्षी — सव्वीस वर्षांची, कोर्स करून आलेली — म्हणाली, "कुमुदिनीजी, आदत पड़ जाएगी."

पडेल.

१२ जून

नाही पडत. उजवं मनगट ठणकतंय. सकाळी पोळी लाटताना लाटणं हातातून सुटलं. क्षिप्राला म्हटलं, मनगट दुखतंय गं. "मनगट म्हणजे?" — कॉलेजात गेलेली माझी मुलगी! "कलाई," म्हटलं. "अच्छा, कलाई. मूव्ह लगा लो ना, आई."

१७ जून

सरकारी दवाखान्यात दीड तास बसले. डॉक्टरांनी हाताला हातही लावला नाही. "घर में कपड़े आप धोती हैं?"

"मशीन धोती है."

"तो फिर बर्तन."

मी सांगितलं, मी स्टेनोग्राफर आहे, रोज वीस-पंचवीस पानं टाइप करते. त्यांनी वर पाहिलं, आणि चिठ्ठीवर लिहिलं — 'घरकाम कमी करावे'. घरकाम! बाईचा हात दुखला की कारण स्वयंपाकघरातच सापडलं पाहिजे!

२० जून, शुक्रवार

आज शांत डोक्याने नीट बघितलं. टाइपरायटरचं टेबल ठेंगणं होतं. हे साहेबलोकांचं टेबल. कीबोर्ड जवळजवळ छातीशी येतो, मग कोपरं वर, मनगटं मोडलेली. शिवाय टाइपरायटरवर ओळ संपली की हात उचलून कॅरेज ढकलायची — तेवढाच विसावा. इथे ओळ संपतच नाही! आपोआप खाली उतरते, आणि बोटं धावतच राहतात.

खुर्चीवर दोन टेलिफोन डिरेक्टऱ्या ठेवून बसले. हात ठीक झाले, तर पाय लोंबकळायला लागले. सगळा सेक्शन हसला.

नोट लिहिली. व्यवस्थित, मुद्देसूद. आम्हा नऊ जणींना हलका कीबोर्ड आणि ठेंगणं टेबल द्यावं. कारखानीस साहेबांकडे घेऊन गेले. इथे दिल्लीत आपला मराठी माणूस, दर वर्षी गणपतीत पंगतीला शेजारी बसतो. वाटलं, ऐकतील.

म्हणाले, "अहो, आपल्या लोकांनी तरी अशा तक्रारी करू नयेत. बाकीचे काय म्हणतील?"

विचारलं, हे कीबोर्ड निवडले कोणी?

"समिती होती ना. पाच जणांची."

नावं बघितली. पाचांतल्या एकालाही टाइप करता येत नाही! एकालाही!!

२८ जून, शनिवार

नेहरू प्लेसला, कॉम्प्युटरच्या बाजारात गेले. एकटी. हे म्हणाले, "कीबोर्ड बघायला? साडी आहे का ती?" साडी असती तर बरोबर आले असते का? तेही नाही.

पाच दुकानांत तेच — "बच्चे के लिए चाहिए, मॅडम?" सहाव्यात मी म्हटलं, मेरे लिए. जोडून द्या, उभ्याने टाइप करून बघते. तो म्हणाला, "मॅडम, कीबोर्ड तो कीबोर्ड होता है."

"जूता भी जूता होता है. आप पाँच नंबर का पहन के दिखाइए."

त्याचा म्हातारा बाप गल्ल्यावर होता. तो हसला आणि म्हणाला, "निकाल दे सारे." मग काउंटरवर सात कीबोर्ड मांडले. प्रत्येकावर मी एकच ओळ टाइप केली, जी रोज पन्नास वेळा करते — 'आय ॲम डायरेक्टेड टू से'. पहिला खडखड वाजायचा. दुसऱ्याची बटणं इतकी मऊ, की दाबलं की नाही कळेचना. एक फार रुंद, माझी करंगळी पोचेना. एकाची 'एंटर' पोस्टाच्या तिकिटाएवढी. सहावा बसला! बोट ठेवलं की जरासा अडतो, मग सरळ खाली, आणि लगेच वर. बुटका, मागचे पाय दुमडले की सपाट होतो. डोळे मिटून अर्धं पान टाइप केलं. एकही चूक नाही.

घेतला. बसमध्ये मांडीवर धरून नोएडाला घरापर्यंत आणला.

३० जून

प्लग बसला नाही! माझा जाड, कॉम्प्युटरचं भोक बारीक. रडूच आलं. डबा न खाता पुन्हा नेहरू प्लेसला. म्हाताऱ्याने जोडणीचा तुकडा दिला. आता बसतो.

७ जुलै

आठवडा झाला. मनगट गप्प आहे. सव्वीस पानं. मीनाक्षीने येऊन हात फिरवून बघितला. मग स्वतःच्या जागेवर जाऊन बोटं मोडत बसली.

८ जुलै

मेमो!! मला! 'शासकीय यंत्रास खासगी उपकरण विनापरवानगी जोडल्याबद्दल खुलासा करावा.' बावीस वर्षांत पहिला मेमो. आणि तो टाइप कोणी केला? साहेबांनी सांगितला आणि मीच घेतला — त्याच कीबोर्डवर! तिसऱ्या ओळीला कळलं की हा माझ्यावरच आहे. त्यांच्याकडे बघितलं. ते खिडकीकडे बघत होते. पूर्ण केला, सहीला ठेवला. एकही चूक केली नाही. त्यांना तेवढंही सुख द्यायचं नव्हतं.

संध्याकाळी कीबोर्ड पिशवीत घालून निघाले तर गेटवर अडवलं. "गेट पास?" आत नेताना कोणी विचारलं नाही, बाहेर नेताना पास! पाऊण तास उभी. ऑफिसवाल्यांची चार्टर्ड बस गेली.

११ जुलै

नोटीस लागली. पंचवीस तारखेला कॉम्प्युटरवर वेगाची परीक्षा. मिनिटाला चाळीस शब्द; जमले नाहीत तर टाइपिंगवरून बदली. वरच्या जागेसाठी ज्येष्ठता यादीत पहिलं नाव माझं आहे. चाळीस! टाइपरायटरवर माझा साठ आहे.

माझा कीबोर्ड लावू द्या, असा अर्ज केला. उत्तर — 'सर्व उमेदवारांना समान साधने'. समान! सगळ्यांना एकाच मापाचा जोडा घालून पळवा आणि म्हणा, समान.

१३ जुलै, रविवार

ह्यांच्याशी कडाक्याचं भांडण. "एका कीबोर्डसाठी साहेबांशी वाकडं घेतेस? आमच्या मंत्रालयात पोचलीय गोष्ट. लोक हसतात, श्यामकांतची बायको म्हणून."

मी म्हटलं, श्यामकांतची बायको टाइप करत नाही, कुमुदिनी करते.

क्षिप्रा मधे पडली — "चलो, बस करो यार दोघंही." वीज गेली, कूलर बंद पडला, आणि घामामुळे भांडणही थांबलं.

२५ जुलै

चौतीस.

पहिली चार मिनिटं बरी गेली. मग 'ई' अडकायला लागली, आणि मनगटातून कोपरापर्यंत कळ. थांबले नाही. उठले तेव्हा पर्स डाव्या हाताने उचलावी लागली. मीनाक्षी त्रेचाळीस. तिचा काय दोष! तीच बिचारी डोळे पुसत होती.

कारखानीस साहेब म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. आवक-जावकमध्ये तुम्हाला आरामच मिळेल."

आराम मागितला होता का मी? काम मागितलं होतं!

४ ऑगस्ट

आवक-जावक. दिवसभर पाकिटांवर शिक्के. उजव्या हाताने.

१० ऑगस्ट, रविवार

वर्तमानपत्रात जाहिरात. इथेच, आमच्या सेक्टरपासून रिक्षाने दहा मिनिटांवर नवी कंपनी. अमेरिकेतले डॉक्टर टेपवर बोलतात, ते कानाला लावून इथे टाइप करायचं. वेग आणि शुद्ध इंग्रजी हवं. मी कापून ठेवली. कशाला, कोण जाणे.

१६ ऑगस्ट, शनिवार

गेले होते. नुसतं बघायला. ह्यांना सांगितलं, भाजी आणते.

नवी इमारत, जिन्याला अजून कठडा नाही. रेवती म्हणून एक तिशीची मुलगी, मॅनेजर. मला बघून म्हणाली, "आंटी, आप किसके साथ आई हैं?" आंटी! म्हटलं, मी परीक्षेला आले आहे. ती लाजली. आडनाव वाचलं, आणि मराठीत माफी मागितली — नागपूरची निघाली.

मग मला एका कपाटापुढे नेलं. कपाटात कीबोर्डच कीबोर्ड. "काकू, तुम्हाला कोणता बसतो ते बघून घ्या. खुर्ची खाली-वर होते. घाई नाही."

मी तिथे उभीच राहिले. तिला वाटलं, मला कळलं नाही, तिने पुन्हा सांगितलं.

एकसष्ट शब्द. टेपवरचे डॉक्टर नाकात बोलत होते, तरी. रेवती म्हणाली, कधी येता? मी म्हटलं, नाही हो, येणार नाही. माझी सरकारी नोकरी आहे, बावीस वर्षांची. ही कंपनी उद्या बंद पडली तर?

"पडू शकते," ती म्हणाली. खोटं बोलली नाही.

परत येताना रिक्षात राग राग आला. तिचाच! कशाला दाखवलं ते कपाट?

१८ ऑगस्ट

शिक्के. दोनशे अकरा पाकिटं.

२० ऑगस्ट, बुधवार

साडेअकरा वाजता स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. हाताने लिहिला. कारखानीस साहेबांनी दोनदा वाचला, म्हणाले, "अहो, घरी विचारलंत का?"

नाही विचारलं. चहा झाला की सांगते.