आईसाठी बांधलेली खोली

३ फेब्रुवारी
मागच्या अंगणात पाया खणला. दहा बाय बारा. माझी अभ्यासिका. बायकोने विचारलं, परवानगी काढलीत का? समजावलं, परवानगी घराला लागते, खोलीला नाही. गवंडी हसला. आनंदी माणूस आहे, काम चांगलं करेल.

१९ फेब्रुवारी
भिंती छातीपर्यंत आल्या. आईच्या खोलीची खिडकी आणि नवी भिंत यांत हातभर अंतर उरलंय. बरंच झालं, वारा लागणार नाही तिला. ती काही बोलली नाही. म्हणजे पसंत आहे.

१० मार्च
छताला पत्रे बसले. आत टेबल, खुर्ची, व्यायामाची सायकल. उद्यापासून पहाटे पाचला सायकल, सहाला वाचन.

११ मार्च, सकाळी सव्वानऊ
उठलो. उद्यापासून नक्की.

२२ मार्च
आई हल्ली भर दुपारी दिवा लावून भाजी निवडते. नजर कमी झालेली दिसते. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला हवी. माझं लक्ष असतं सगळीकडे.

२ एप्रिल
नोटीस. 'अनधिकृत बांधकाम'. बांधकाम खात्याच्या मॅडम टेप घेऊन आल्या होत्या. लांबी, रुंदी, उंची, सगळं मोजलं. हेतू मोजला नाही. बायको म्हणते, चूक कबूल करून मोकळे व्हा. तिला कायद्यातलं काय कळतं! मलाही कळत नाही, पण मी वाचणार आहे.

९ एप्रिल
कायदा वाचायची गरज नाही. एकदम सुचलं. खोली आईसाठी आहे! म्हातारी आई म्हटलं की कुठलाही साहेब विरघळतो. सायकलवर चादर टाकली, आईची खाट आत नेली, फोटो काढला, खाट परत आणून ठेवली. तेवढा वेळ आई दारात उभी होती.

२१ एप्रिल
सुनावणी. आईला सोबत नेलं. पंधरा मिनिटं बोललो. मॅडम भारावल्या असाव्यात, सारख्या घड्याळाकडे बघत होत्या. मग त्यांनी आईला विचारलं, आजी, तुम्हाला काही सांगायचंय?
आई म्हणाली, "पाडायला कधी येणार?"
मॅडमनी पेन खाली ठेवलं.
"दुपारचं ऊन यायचं माझ्या खिडकीत. आता भाजीतली अळीसुद्धा दिसत नाही."
येताना गाडीत आठवलं. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्यायची राहून गेली होती, ते एक बरं झालं.

५ मे
महिन्याभरात खोली पाडायची, असा हुकूम आला होता. तत्त्वाचा प्रश्न म्हणून अपील करणार होतो. अपिलाची मुदत काल संपली.

१८ मे
गवंडी म्हणाला, पाडायलासुद्धा अर्ज लागतो, विचारून घ्या. विचारलं. लागतो. त्यावर घरमालकाची सही हवी. घर आईच्या नावावर आहे, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.
कागद तिच्यापुढे ठेवला. तिने ओळीवर बोट ठेवून सगळा वाचला. 'मालकाची संमती' पाशी थांबली.
"बांधताना असा कागद नसतो का रे?"
नसतो, म्हणालो.
तिने सही केली. खाली तारीख घातली. मी हात पुढे केला होता. तिने कागद बायकोच्या हातात दिला.