गॅलरीची सळई

३ जुलै २०२५
ट्रेनिंगचा महिना झाला. नगरच्या सावेडीतलं हे आर्किटेक्टचं ऑफिस आता सवयीचं वाटतं. आज सरांनी आप्पासाहेबांच्या बंगल्याचं काम दिलं – श्रीगोंद्याच्या पुढे, उसाच्या पट्ट्यात. त्यांना पुढच्या गॅलरीखाली खांब नकोत, ट्रॅक्टर वळवताना आड येतील. सर म्हणाले, "जुनी फाईल उघड, खांब उडव, दुपारपर्यंत प्रिंट दे."
उडवले. प्रिंट दिली. सरांनी फोनवर बोलता बोलता सही केली, कागद नीट उलगडलाही नाही. कॉलेजात एकेका रेघेवर तासभर वाद घालतात!

७ जुलै
काही नाही. प्रिंट, झेरॉक्स, चहा.

१९ जुलै
पहिल्यांदा एकटी साइटवर गेले. बिभीषण मिस्त्री पाथर्डीकडचे, पन्नाशीचे. ड्रॉइंग धरून बराच वेळ उभे होते. मग हळूच म्हणाले, "ताई, ह्या गॅलरीला खाली खांब न्हाईत. मंग मेन सळई वर पायजे. हितं तर खाली दावलीय."
सरांना फोन करायला हवा होता. पण मागच्या आठवड्यात अशीच एक शंका विचारली तर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "एवढं कळत नसेल तर घरी बस." मोबाईल काढला, परत पर्समध्ये टाकला.
"ड्रॉइंगप्रमाणे करा," मी म्हटलं.
"तुमी म्हनता तसं."
खरं लिहायचं तर – सातवी शिकलेला माणूस मला शिकवतोय, याचा राग आला होता.

२० जुलै
सकाळी पुस्तक काढून बघितलं. मिस्त्रींचंच बरोबर. बाहेर लटकणाऱ्या स्लॅबला ताण वरच्या बाजूला येतो, सळई वरच हवी. जुन्या फाईलमध्ये खांब होते म्हणून ती खाली होती. मी खांब काढले, सळई तशीच ठेवली.
दुपारी मिस्त्रींचा फोन. "स्लॅब टाकला, ताई."
मी म्हटलं, "बरं."

२८ जुलै
सरांना सांगायचं राहून जातंय. राहून जात नाही – मी ठेवतेय. टेकू आहेत तोवर काही होत नाही.

११ ऑगस्ट
गॅलरी पडली.
सकाळी टेकू काढले. साइटवरच्या मजूर मालनबाई वर पाणी मारत होत्या. भिंतीपासून अख्खी गॅलरी मोडून खाली आली. दवाखान्यात नेताना वाटेतच गेल्या. मी साइटवर गेले त्या दिवशी मला बसायला घमेलं पालथं घालून पदरानं पुसून दिलं होतं त्यांनी.

१२ ऑगस्ट
आईला सांगितलं, पोट बिघडलंय.

१३ ऑगस्ट
सरांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर नवं ड्रॉइंग. सळई वर, तारीख जुलैची. साइटवरचा जुना कागद ते स्वतः जाऊन घेऊन आले होते.
"मिस्त्रीनं ड्रॉइंगप्रमाणे केलं नाही. कुणी विचारलं तर एवढंच सांगायचं."
"सर, त्यांनी मला विचारलं होतं."
त्यांनी नवं ड्रॉइंग माझ्यासमोर सरकवलं. मग अगदी समजुतीनं म्हणाले, "तुझं वर्ष जाईल, माझं ऑफिस जाईल. त्यानं ती बाई परत येणार आहे का?"
मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच माहीत नाही. सरांनी होकार धरला.

१६ ऑगस्ट
बिभीषण मिस्त्रींना अटक झाली. आजच सरांनी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट हातात दिलं, मुदतीच्या चार महिने आधी. "उद्यापासून येऊ नकोस." त्यात लिहिलंय – साइटवरील काम उत्कृष्ट.
मिस्त्री पोलिसांना माझं नाव सांगतील. सारखी दाराकडे बघते. सांगितलं तर बरं, असंही वाटतं.

१९ ऑगस्ट
कुणी आलं नाही. शेवटी मिस्त्रींच्या घरी फोन लावला. त्यांच्या बायकोनं, जयाताईंनी उचलला. मी कोण ते सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत.
"तुमच्या जुन्या कागदाचा फोटू ह्यांच्या मोबाईलमंदी हाय. मी म्हनलं, दावा पोलिसांला. तर म्हनले, न्हाई. सही सायबाची हाय, पर काढलाय त्या पोरीनं. तिचं शिक्षान बुडंल."

२० ऑगस्ट
श्रीगोंद्याची एसटी. खिडकीशी बसून लिहितेय. पोलीस ठाण्यात आधी माझं नाव सांगणार, मग सरांचं.