बहिरी पेनवेन

प्रिय इदवाल,

हे पत्र फाडायचं तर खुशाल फाड, पण आधी सांग, आपल्या पेनवेनची गोष्ट बाहेर कोणी फोडली?

शनिवारी संध्याकाळी आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. तळ्यातल्या परीच्या दंतकथेची आता घरातल्या सगळ्यांनी बघायची मालिका झालीय. शेतकरी नवऱ्याने तिसऱ्यांदा हात उगारला की परी गाईंना हाका मारत तळ्यात परत जाते, सगळी गुरं मागोमाग जातात. आपल्या वेल्समधलं शेंबडं पोरही हे सांगेल. पण या मालिकेत एक गाय मागे राहिली! पांढऱ्या डोक्याची, बहिरी, आपली पेनवेनच! हाक ऐकूच आली नाही म्हणून ती परीच्या पोरांपाशी राहिली. ही गाय दंतकथेत नाहीच रे! परी गेली की तू भोकाड पसरायचास, म्हणून आईने ती तुझ्यापुरती रचली होती.

मनात शंकेची पाल चुकचुकली. आधी संशय नवऱ्यावरच. पबमध्ये दोन ग्लास पोटात गेले की एमरिसच्या तोंडाला कुलूप राहत नाही. तर म्हणतो, "अगं, तुमच्या गोठ्यातल्या गाईंची नावं मला आठवत नाहीत, गोष्टीतल्या कुठून सांगू?" मग ती लंडनची बाई आठवली, गोष्टी गोळा करायच्या नावाखाली माझा मनुका घातलेला अख्खा बाराब्रिथ पाव चहाबरोबर फस्त करून गेलेली. पण तिला मी ताकास तूर लागू दिली नव्हती. मालिकेच्या शेवटी लेखकाचं नाव आलं होतं, कुणी पीटर हॉलिस. तरी मी तो भाग पुन्हा लावून पाहिला. शेतकरी परीला म्हणतो, "जा, दार उघडंच आहे." बाबांनी तुला घरातून घालवलं तेव्हाचे शब्द! म्हणजे लिहिणारा तूच. वा रे पठ्ठ्या, नाव बदललंस, पण राग तोच ठेवलास. हे पत्र त्याच नावाने टीव्हीवाल्यांकडे धाडतेय; खरंच कुणी पीटर असेल, तर त्या बिचाऱ्याने मला माफ करावं.

अर्धांगाचा झटका आल्यापासून आई एक शब्द बोलली नव्हती. पेनवेन दिसली आणि ती स्पष्ट म्हणाली, "इदवाल रडेल. त्याला बोलाव." तेव्हापासून खिडकीशी बसून तुला हाका मारतेय, कुरणावरून गुरांना मारायची तशीच लांब हाक. डॉक्टरांनी आशा सोडलीय. बाबा गेले, आता दारात अडवायला कोणी नाही. एमरिस म्हणतो, तो कसला येतोय! पण पेनवेन बहिरी होती, इदवाल. तू नाहीस. ये.

तुझ्यावर अजून रागावलेली, तुझीच ताई,
नेस्टा