कॅरमवरचा डावा हात

कुंभार पिंपळगाव
९ ऑगस्ट १९८८

माय, तुझ्या पायावर डोकं ठेवते.

पत्र वाचून दाखवताना बद्रीनाथ म्हणेल, हे अक्षर ताईचं न्हाई. माझंच आहे. तब्येत बिलकुल ठीक आहे. घरमालकीण सगुणाबाई रोज ताक देते. तुझे गुडघे कसे आहेत?

शाळेत मधल्या सुट्टीत मी पोरांना कॅरम मांडून देते. पावडर मिळत न्हाई, मंग ज्वारीचं पीठ भुरभुरवतो. चौथीतली द्वारका डाव्या हातानं स्ट्रायकर मारते. तिची राणी चुकलेली मी अजून पाह्यली न्हाई. पण आजीच्या धाकानं उजव्या हातानं लिहायला बसली की पेन्सिल लटपटते.

मागच्या महिन्यात ती आजी शाळेत आल्ती. खेळता खेळताच पोरीचा डावा हात तिनं फडक्यानं बांधला. "डावरी पोरगी सून म्हणून कोण करून घेईल?" म्हणली. मी सगळ्यांसमोर फडकं सोडलं. हेडमास्तर म्हणले, "बाई, गावाच्या वाकड्यात जाऊ नका." मी म्हणले, "दिवाळीपर्यंत ही डाव्या हातानं नीट लिहायला लागली न्हाई, तर मीच बदली मागते."

तूही माझा हात असाच बांधायचीस, तात्यांच्या जुन्या धोतराच्या चिंधीनं. राग न्हाई, माय. तुलाही कुणीतरी तसंच सांगितलं असेल.

आता द्वारका अन् मी रोज सोबत एक पान गिरवून राह्यलो. हे पत्र मी डाव्या हातानं लिहिलंय. मधी एकदाही हात बदलला न्हाई.

तुझी डावरी,
बेबीनंदा