जिराफाची उंची

१२ जानेवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. मी फोन उचलत नाही अशी तुझी तक्रार आहे. उचलतो गं, पण ऐकू येत नाही, आणि पलीकडच्याला वाटतं म्हातारा मुद्दाम नुसतं हो-हो करतोय. चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलो, माझ्याआधी माझे कान निवृत्त झाले. तेव्हा आपलं पत्रच बरं.

बातमी अशी की मी माझ्या छोट्या रेल्वेवर दुसरा मजला चढवतोय. खालचे रूळ भिंतीच्या कडेने कमरेच्या उंचीवर आहेत ते तू पाहिलेच आहेस. आता त्याच्या वर त्रेचाळीस सेंटिमीटरवर दुसरी फळी येणार. प्रश्न एवढाच की गाडी वर जाणार कशी. इंजिन काही मांजर नाही उडी मारायला. म्हणून कोपऱ्यात गाडीसाठी गोल जिना करायचा. पुस्तकात त्याला हेलिक्स म्हणतात. प्लायवूडची कडी एकावर एक, सगळी एकमेकांना जोडलेली, आणि आटे पाडलेल्या सळयांवर तोललेली. खालचा नट अर्धा फेरा फिरवला की रस्ता केसभर वर.

आता तुझं काम. दोन फेऱ्यांमध्ये किती जागा सोडायची हे सगळ्यांत उंच डब्यावर ठरतं. माझे सगळे डबे अठ्ठावन्न मिलिमीटरच्या आत आहेत. पण ताईचा जिराफ तुझ्याकडे आहे. तुझी आई चौदा वर्षांची असताना तिने बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे कापून दुमजली डबा केला होता, वरच्या मजल्यावर खुर्च्यासुद्धा. तो माझ्या बोगद्यात शिरेना. बिचारा जन्मभर बोगद्याबाहेर उभा राहिला. जिराफ हे नाव मीच ठेवलं आणि त्यावरून तिला रडेपर्यंत चिडवलं. शेवटी कबूल केलं होतं की एक दिवस तुझा डबा जाईल असा रस्ता करून देईन. बावन्न वर्षं लागली. ताईला जाऊनही वर्ष झालं. पण शब्द तो शब्द.

तेव्हा रुळापासून टपाच्या टोकापर्यंत मोजून कळव. पोस्टाने पाठवू नकोस, चेपेल. एप्रिलच्या सुट्टीत तूच घेऊन ये, पहिल्यांदा वर जायचा मान त्याचा. तू दिवसभर कवळ्यांचे दात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत मोजत बसतेस, तुझ्या आकड्यावर मी डोळे मिटून करवत चालवीन.

जेवणखाण वेळेवर कर. आशीर्वाद आहेतच, वर थोडी काळजी फुकट.

तुझा मामा


२५ जानेवारी

ती. मामास,

सा. न. वि. वि. उशिराबद्दल रागावू नकोस. आमच्या लॅबमध्ये सध्या पाय ठेवायला जागा नाही. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी एकाच महिन्यात दात काढायचं ठरवलंय की काय कोण जाणे. काल एका आजोबांची कवळी तिसऱ्यांदा परत आली. त्यांचं म्हणणं, चावता येतं पण शिट्टी वाजवता येत नाही. डॉक्टरांनी विचारलं की पूर्वी येत होती का, तर म्हणाले की पूर्वीही नव्हती येत.

आमची मालकीण अजून मला खुर्चीत स्वस्थ बस म्हणून ओरडते. तू ठेवलेलं भिंगरी हे नाव तिला कळू नये एवढीच इच्छा आहे.

जिराफ ऐंशी मिलिमीटर आहे. खोक्यातून काढून मोजला आणि परत नीट ठेवला.

तू उंच स्टुलावर चढू नकोस. सळया उचलायला कुणाला तरी बोलाव. लोभ आहे तसाच असू दे.

तुझी
भिंगरी


२० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. ऐंशी! मी आपला पंचाहत्तर धरून चाललो होतो. ताईने पोटमाळाही काढला होता की काय. ऐंशी, त्यात लाकडाचे नऊ, रुळांचे आठ, आणि गाडी रुळावरून घसरली तर बोट घालायला दहा. एकशेसात झाले. साध्या डब्यांना पाच फेरे लागले असते, तिथे आता चारच फेऱ्यांत वर पोचायचं.

पण इथेच घोडं पेंड खातंय. फेरे कमी म्हणजे चढ जास्त. दर मीटरला सव्वादोन सेंटिमीटर चढ असावा असा माझा बेत होता, तो पावणेतीनच्या वर गेला. चारही फेरे उभे केले, इंजिनाला सहा डबे लावले, आणि दुसऱ्याच फेऱ्यात चाकं जागच्या जागी गरगर फिरायला लागली. तीन डबे काढले तेव्हा कुठे वर आलं. अर्धी गाडी वर आणि अर्धी खाली, ही काय रेल्वे झाली?

सुताराला बोलावलं. त्याने नाकावर पेन्सिल टेकवून पाहिलं आणि म्हणाला की काका, सरळ गोष्ट आहे, फेऱ्यांमधली जागा कमी करा, एका डब्यासाठी कशाला एवढा खटाटोप. मी त्याला म्हटलं की तो एक डबा आहे म्हणूनच जिना आहे. त्याने विषय सोडला. दुसरा उपाय म्हणजे गोल मोठा करायचा, म्हणजे वाट लांबते आणि चढ निवळतो. हिशेब केला तर व्यास फूटभर वाढतो. त्या फूटभरात सध्या माझी खाट आहे.

तर खाट हलवतोय. स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात मावते, मोजून पाहिलं. पाय जरा दाराबाहेर येतात, पण मला कोण बघायला येतंय. एवढं लाकूड पुन्हा कापायचं म्हणजे महिना जाईल. तू येईपर्यंत होतं.

कळावं. माया कमी करू नकोस, चढ मात्र कमी व्हावा अशी प्रार्थना कर.

तुझा मामा


३ मार्च

ती. मामास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र दोनदा वाचलं. मामा, कृपा करून खाट हलवू नकोस. तो बोळ मला माहीत आहे. तिथे मागच्या दाराचा वारा थेट येतो, आणि तुझी कंबर आधीच कुरकुरते. एका पत्र्याच्या डब्यासाठी माणसाने स्वतःच्या खोलीतून बाहेर पडावं का?

मला वाटतं जिराफ खालीच राहू दे. तिथेही शोभेल. आणि मोजताना माझी चूकही झाली असेल, घाईत होते. कदाचित कमी असेल. तू आपला साध्या डब्यांचा, पाच फेऱ्यांचा जिना कर. आईसुद्धा हेच म्हणाली असती. तिला तुझी झोप त्या डब्यापेक्षा मोलाची होती.

उत्तर लगेच लिही. लोभाबरोबर थोडं ऐकत जा, एवढंच मागणं.

तुझी
भिंगरी


१८ मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. उशीर झाला तुझ्या पत्राला. खाट बोळात गेली, लाकूड कापलं गेलं, आणि नवा जिना उभासुद्धा राहिला. आणि तू मोजमापात चुकलीस हे मला सांगू नकोस. दातांच्या बाबतीत केसाचा फरक पडला तर लोक तुझ्या नावाने बोटं मोडतात, तू काय डब्यात चुकणार.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. जिराफ खालीच राहू दे असं तू लिहिलंस. अगदी हेच मी ताईला म्हणायचो. ती डबा उचलून बोगद्याच्या तोंडाशी ठेवायची आणि बाकीची गाडी आत जाताना बघत बसायची. आता तुझ्या अक्षरात तेच वाचलं तेव्हा बरं नाही वाटलं. असो. माझ्या काळजीपोटीच लिहिलं असशील.

लपवत नाही, सांगतो. सळया कसताना कंबर धरली. पंधरा दिवस वाकायचं नाही असं डॉक्टरीणबाईंचं फर्मान आहे. शेजारचा शिंपी दोन वेळचं जेवण आणून देतो आणि जिन्याकडे बघून मान हलवतो. पण गाडी चढते गं! सहाच्या सहा डबे. आत शिरली की पुरती दोन मिनिटं दिसत नाही. तिचा आवाज मला येत नाही, म्हणून मी लाकडाला बोट लावून बसतो. बोटात बारीक थरथर येते, ती वर वर सरकते, आणि मग गाडी वरच्या फळीवर बाहेर येते. एका उघड्या डब्यावर ऐंशी मिलिमीटरचा लाकडी ठोकळा बसवून तोही फिरवला. कुठे घासला नाही.

आता फक्त खऱ्या धन्याची वाट आहे. सुट्टी कधीपासून ते कळव. वाट बघायला बळ दे, बाकी काही नको.

तुझा मामा


२६ मार्च

ती. मामास,

सा. न. वि. वि. हे पत्र तू बसून वाच.

जिराफ माझ्याकडे नाही. जानेवारीत नव्हता, आईचं घर रिकामं केलं त्या दिवसापासूनच नाही. मी तो मोजला नाही. ऐंशी हा आकडा माझ्या मनाचा आहे. मला वाटलं, मोठा आकडा सांगितला की डबा कुठे अडणार नाही आणि तुला कळणार नाही. नसलेला डबा कुठे अडणार, हे मला आकडा लिहितानाही सुचलं नाही. खोटं बोलणाऱ्याची अक्कल बघ.

हरवला असं लिहिलं असतं तर तू मला माफ केलं असतंस. पण तो हरवला नाही. घर रिकामं करायला मला दोनच दिवसांची रजा होती. भंगारवाला दारात उभा होता, खोकी हातगाडीवर चढत होती, आणि एका खोक्यात सगळ्यात वर तो होता. मी ओळखला. एक चाक निघालं होतं, पत्रा गंजला होता. भंगारवाल्याने हातात धरून विचारलं की बाई, हे खेळणं ठेवायचंय का. मी म्हटलं, न्या.

का म्हटलं ते मी वर्षभर स्वतःला विचारतेय. दमले होते हे खरं. पण तेवढंच नव्हतं. आईच्या शेवटच्या सहा महिन्यांत तिची उशी, औषधं, रात्रंदिवस सगळं मी केलं, आणि ती बोलायची तुझ्याबद्दल आणि त्या डब्याबद्दल. मला राग आला होता तिचा, तुझाही. त्या एका शब्दात मी तो राग काढला. हातगाडी कोपऱ्यावर वळली तोवर मला पळत जाऊन थांबवता आलं असतं. मी दारात उभी राहिले.

मग तू उंची विचारलीस. एक खोटं लपवायला दुसरं, आणि त्यापायी तू बोळात झोपतोयस, कंबर मोडून घेतलीस. माझ्या एका आकड्याने तुला तुझ्या खोलीतून बाहेर काढलं. मला रोज लॅबमध्ये हातात मोजपट्टी धरताना लाज वाटते.

माफी मागायचं तोंड नाही, तरी मागते. माया ठेव असं आज लिहवत नाही.

भिंगरी


१७ एप्रिल

ती. मामास,

सा. न. वि. वि. तीन आठवडे झाले, तुझं पत्र नाही. शिंप्याच्या दुकानात फोन केला. ते म्हणाले की काका हिंडते-फिरते आहेत, पण खोलीचं दार बंद असतं. कंबरेचं विचारलं, तर बरी आहे म्हणाले. जीव थोडा भांड्यात पडला.

सुट्टी घेतली आहे, पण तू बोलावल्याशिवाय येणार नाही. मला शिव्या घालायच्या असतील तर घाल, पण कागदावर घाल.

तुझी
भिंगरी


२९ एप्रिल

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. हे दोन शब्द लिहायला मला महिना लागला, हे तुला कळायला हवं म्हणून लिहितो.

फार राग आला. जिन्यावर हातोडा घालावा असं वाटलं आणि कंबरेमुळे घालता आला नाही. तो डबा तू नेऊ दिलास हे मी अजून माफ केलेलं नाही. पुढे होईल तेव्हा होईल, आज केलं असं म्हटलं तर आपल्यात आणखी एक खोटं येईल.

पण खोली बंद करून बसलो तेव्हा माझंही एक आठवलं, ते तुझ्यापाशीच कबूल करतो. तो बोगदा पुठ्ठ्याचा होता. चार विटांवर उचलला असता की झालं. एका दुपारचं काम. ताईने तीनदा सांगितलं होतं. मला जमत नव्हतं असं नाही, मला तिचा डबा बाहेर उभा राहिलेला बघायला मजा वाटायची. मी अकरा वर्षांचा होतो आणि ती माझ्यापेक्षा हुशार होती, एवढंच कारण. पुढे लेथवर हजारो बारीक कामं केली आणि त्या एका कामाचा नुसता वायदा करत राहिलो. तिच्या आजारपणातसुद्धा तुझ्याकडे येऊन बसलो नाही. कान चालत नाहीत ही सबब पुरली. उशी तू बदललीस, आणि आठवण मात्र माझी निघाली, याचा तुला राग आला तर त्यात तुझं काय चुकलं?

कालपासून गाडी पुन्हा सुरू केली. सहा साधे डबे चढतात आणि त्यांच्या टपांवर बोटभर जास्तीची जागा राहते. सुतार म्हणाला की आता नट फिरवून फेरे जवळ आणा, एक फेरा वाढवा, चढ आणखी हलका होईल. मी नाही म्हटलं.

एक विचारायचं होतं. खोक्यात वरच होता म्हणतेस, तर अंदाजे किती होता गं तो? मला आठवतो तो फार उंच, पण तेव्हा मीच लहान होतो. पंचाहत्तर धरला होता तोही अंदाजच. ताईला विचारता येत नाही, तिच्याशिवाय कुणी कधी मोजला नाही. चार दिवस डोकं खाजवलं. मग ठरवलं, ऐंशीच होता. तूही तेच धर. कुणी विचारलं तर आपलं दोघांचं उत्तर एक यायला हवं.

सुट्टी संपायच्या आत ये. लोभ असू दे, राग आहे तोवरही असू दे.

तुझा मामा