दहापैकी दुखणं किती

३ जुलै, गुरुवार
नवीन वही, शंभर पानी. पानांना आकडे घातले. एका दिवसाला एक पान. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की दुखणं दहापैकी किती ते रोज लिहून ठेवा. जुन्या वहीत तारखा मागे-पुढे झाल्या होत्या, त्यामुळे ही पहिल्यापासून नीट. ‘दु.’ म्हणजे दुखणं.
दु. ६. वाकल्यावर हाताची बोटं गुडघ्याच्या चार बोटं वर थांबतात. पॅण्ट मायनं घालून दिली.

५ जुलै, शनिवार
दु. ६. घनसावंगीला रफिकभाईंच्या ऑनलाइन सेंटरवर दिव्यांग प्रमाणपत्राचा फॉर्म भरला. शाळेत ते माझ्या पुढे होते. मी नववीत सोडली, ते बारावी झाले.
अपघाताचं मी घरूनच लिहून नेलं होतं: ‘जानेवारीत अंकुशनगरच्या पलीकडे एका फडात उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढत असताना, फळी दवाने ओली असल्यामुळे पाय घसरला व बसल्यासारखा जमिनीवर आदळलो. कमरेचा एक मणका मोडला. आत चार स्क्रू व दोन सळया आहेत.’
रफिकभाई म्हणाले, "दत्ता, लगीनपत्रिका छापायची हाय का? हितं दोनच शब्द बसतात."
‘पडल्यामुळे इजा’ एवढं बसलं.
चाळीस टक्क्यांच्या खाली पांढरं कार्ड, चाळीसपासून पिवळं. निराधारचा महिन्याचा पगार पिवळ्यालाच मिळतो. घरी येईपर्यंत दु. ८.

११ जुलै, शुक्रवार
दु. ५. मुकादम बापूनाना आले होते. दिवाळीनंतरच्या ऊसतोडीची टोळी जमवत आहेत. माय आणि मी मिळून एक कोयता होतो. ती तोडायची, मी मोळ्या बांधून चढवायचो.
"तू एकटी म्हंजी अर्धा कोयता, आक्का. दुसरा एक अर्धा बघून जोडून देतो. पन गाडी औंदा कर्नाटकात चालली."
माय म्हणाली, "बघते."
कर्नाटक म्हणजे पाच-सहा महिने. पॅण्ट, आंघोळीची बादली, खाली पडलेली कुठलीही वस्तू. मी हे मनात मोजत बसलो. जेवताना माय म्हणाली, "तुझा पगार लागला तर मी कुटं जात न्हाई. हितंच निंदायला जाईन."

२२ जुलै, मंगळवार
दु. ६. मेसेज आला. ६ ऑगस्ट, बुधवार, जिल्ह्याच्या दवाखान्यात तपासणी.
रफिकभाईंना दाखवला. ते म्हणाले, "काठी घिऊन जा. वाक म्हणले की निस्ता कण्हायचं, वाकायचंच न्हाई. बराबर पिवळं येतंय बघ."
"मला काठी लागत नाही, भाई."
"तुला कोन इचारतंय? काठी डाक्टरला लागती."
बाजूला बसलेले दोघं हसले, मीही हसलो. काठी न्यायची नाही असं ठरवलं. पकडला गेलो तर सगळंच खोटं धरतील.

५ ऑगस्ट, मंगळवार
दु. ७. काळजीनं वाढलं असावं. सगळे कागद पिशवीत लावले: आधार, एक्स-रे, एमआरआय, डिस्चार्ज कार्ड, चार फोटो. पुन्हा काढून पुन्हा लावले. मायनं मिठाच्या पुरचुंडीनं कंबर शेकली. पांढरा शर्ट इस्त्री करून आणला. दाढी करायला लावली.

६ ऑगस्ट, बुधवार
सकाळी सहाला मायनं गावातल्या डॉक्टरांना घरी आणलं. "जीपीत आदळून पोराचे हाल व्हतेत, काय तरी द्या." त्यांनी कमरेत इंजेक्शन दिलं. जीपनं अंबड, तिथून एसटी. जालन्याला उतरलो तेव्हा दु. २. जानेवारीपासून कधीच २ लिहिलेलं नाही.
नंबर दीडला लागला. डॉक्टर तरुण होते, बोलायला चांगले. पाठीवर टेप धरला आणि म्हणाले, "वाका जमेल तेवढं." बोटं गुडघ्याच्या खाली गेली. पार नडगीच्या मध्यापर्यंत. मला स्वतःलाच बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.
"दुखतं का?"
"आत्ता नाही दुखत, सर."
त्यांनी लिहून घेतलं.
बाहेर आल्यावर मायनं विचारलं, काय म्हणाले? मी म्हणालो, चांगलं वाकता म्हणाले. तिनं केळी घेतली. खुश होती.
परत येताना अंबड सोडलं आणि औषध उतरलं. जीपच्या खांबाला धरून अर्धा उभा राहिलो. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मायच्या ध्यानात आलेलं नाही. मी सांगितलं नाही.
रात्री दु. ९.

२० ऑगस्ट, बुधवार
दु. ६. रफिकभाईंनी प्रमाणपत्र काढून दिलं. ३५ टक्के. पांढरं.
"पाच टक्क्यानं गेलं रे, दत्ता." त्यांनी छपाईचे पैसे घेतले नाहीत.
माय म्हणाली, "पस्तीस म्हंजी पास की. शाळंत पस्तीसलाच पास करत्यात."
मी म्हणालो, इथं चाळीस लागतात. ती प्रमाणपत्राकडे बघत राहिली. तिला वाचता येत नाही, पण फोटो बघून म्हणाली, शर्ट चांगला दिसून राह्यला.

२१ ऑगस्ट, गुरुवार
दु. ६. सांगितलं. इंजेक्शनमुळे वाकलो, नाहीतर वाकलो नसतो.
माय तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत. म्हणाली, "मोठ्या डाक्टरपुढं जायचं, तर मानसानं नीटनेटकं जावं न्हाई का? कण्हत-कुथत जातंय का कुनी?"
"चूक तुझी नाही."
"मंग कुनाची? म्याच बोलवून आनलं."
तांदळात खडा नव्हता. तरी सूप दुसऱ्यांदा पाखडलं.

३ सप्टेंबर, बुधवार
दु. ५. फेरतपासणीचा अर्ज. तीन वेळा कच्चा लिहिला, चौथ्यांदा पक्का. इंजेक्शनचं लिहायचं की नाही यावर रफिकभाईंशी वाद.
"ते लिहू नको. म्हनतील, सुईनं बरा व्हतो तर घे की रोज सुई."
"मग एवढा फरक कसा पडला म्हणून विचारलं तर?"
"तू लई इचार करतो, दत्ता. शाळेत बी तसाच होता. पेपर लिहायच्या आधी समास मारीत बसायचा."
लिहिलंच. गावातल्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. शेवटी एक ओळ वाढवली: ‘दुखण्याची रोजची नोंदवही दाखवण्यास तयार आहे.’

२४ सप्टेंबर, बुधवार
दु. ६. फेरतपासणी ८ ऑक्टोबरला.

२९ सप्टेंबर, सोमवार
दु. ६. बापूनाना पुन्हा आले. जोडीला शहागडची एक बाई मिळाली आहे, तीही अर्धा कोयता.
"दसऱ्याला नाव पक्कं कर, आक्का."
"गुरुवारपर्यंत थांबा. बुधवारी पोराची तपासनी हाय."
"येत्या का पुढच्या?"
"पुढच्या."
बापूनाना माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्यासाठी गाडी अडली बघ, साहेब." पण थांबतो म्हणाले.

७ ऑक्टोबर, मंगळवार
दु. ६. वही पहिल्यापासून वाचून काढली. अर्जात दाखवतो म्हणून लिहिलं तेव्हा पान २० लक्षात नव्हतं. काठी. कण्हायचं. बराबर पिवळं. सगळं शब्दाला शब्द लिहिलेलं आहे, नावासकट. डॉक्टरांनी ते वाचलं तर?
फाडायचं म्हटलं तर शिलाईपलीकडचं जोडपान सुटतं. शाईनं झाकलं तर झाकलेलं दिसतं. दिसलं की आणखी काय झाकलं असं वाटणार. बराच वेळ पेन हातात धरून बसलो. शेवटी टोपण लावलं.
मायनं विचारलं, कपडे कुठले? म्हणालो, रोजचे.

८ ऑक्टोबर, बुधवार
(वही आत आहे. हे केस पेपरच्या झेरॉक्समागे लिहितो आहे. पान ९८ वर चिकटवायचं.)
सकाळी गोळी नाही, शेक नाही, काही नाही. मायनं गोळ्यांची पट्टी स्वतःच्या पिशवीत ठेवली. "भायेर आलास की देते." जीपमध्ये प्रत्येक खड्ड्याला ती माझ्याकडे बघायची आणि मग खिडकीबाहेर. एसटीत एका बाबांनी उठून जागा दिली. बसणं जास्त वाईट, म्हणून उभाच राहिलो. त्यांना राग आला असावा.
दु. ८.
डॉक्टर तेच. आज सोबत एक वयस्कर मॅडम. वाका म्हणाले. बोटं मांडीच्या मध्यावर थांबली. घरी वाकतो त्यापेक्षाही वर. प्रवासामुळे असेल. पण मलाच वाटलं की मी मुद्दाम करतो आहे असं दिसतंय.
डॉक्टर म्हणाले, "ऑगस्टमध्ये नडगीपर्यंत गेला होता. आज मांडीवर? कुठलं खरं धरायचं?"
मी वही पुढे केली. पान ३५ ला, इंजेक्शनच्या दिवसाला, खूण घातली होती.
मॅडमनी ते वाचलं. मग मागचं पान. मग एकदम पहिलं पान काढलं. "रोज लिहिता?"
"हो, मॅडम."
"बाहेर बसा. वही राहू द्या."
माय बाकावर होती. "काय म्हनले?"
"वही वाचून राह्यलेत."
"समदी?"
"पहिल्यापासून."
"माझं बी हाय का त्याच्यात?"
"आहे. इंजेक्शनचं."
"अन् तांदळाचं?"
मी मान डोलावली. तिनं पाहिलं होतं म्हणजे, मी लिहिताना.
पंचवीस मिनिटं झाली. दोन नंबर आमच्या मागून येऊन आत जाऊन गेले. मघाशी दारामागून मॅडमचा हसण्याचा आवाज आला. पान २० असावं. चांगलं हसल्या की वाईट, ते दारातून कळत नाही.
मायनं पट्टीतली एक गोळी काढली, बाटलीचं झाकण उघडलं. म्हणालो, थांब, पुन्हा आत बोलावतील, पुन्हा वाकायला लावतील. तिनं झाकण लावलं. गोळी मुठीत धरून दाराकडे बघत बसली आहे.